आयसीयू आणि कॅज्युअल्टी पोस्टिंग : नर्सिंग स्टुडंट्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असो की बीएस्सी, क्रिटिकल केअरची पोस्टिंग लागली की आदल्या रात्री तेच तेच मेसेज येतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलं. डोस मोठ्या माणसांचे आहेत, लहान मुलांचं जिथे आहे तिथे तसं लिहिलंय. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तिथे तोच चालतो, आणि ऑर्डर नसताना, शेजारी सिस्टर नसताना स्टुडंटने इंजेक्शन हातात घ्यायचं नाही, हे प्रत्येक उत्तराला लागू आहे, परत परत लिहीत नाही.

१. पहिल्यांदाच आयसीयू लागलंय. आत गेल्यावर सगळ्यात आधी काय बघायचं?

सगळे आत शिरले की मान वर करून मॉनिटरकडे बघतात. आधी पेशंट बघा. छाती दोन्हीकडून सारखी हलतेय का, अंग घामाने ओलं आहे का, ओठांचा रंग कसा आहे, "काका, डोळे उघडा" म्हटल्यावर उघडतायत का. मॉनिटरवर सरळ रेघ आणि काका चहा मागतायत असं होतंच अधूनमधून, लीड निघालेली असते बस.

मग डोक्यापासून पायापर्यंत एकेक नळी हाताने धरून शेवटपर्यंत जायचं. ईटी ट्यूब (श्वासनलिकेतली) ओठाशी किती सेंटीमीटरवर फिक्स आहे (बायकांमध्ये साधारण २१, पुरुषांमध्ये २३), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली), कोणत्या पंपात कोणतं औषध, किती एमएलने चाललंय, सिरिंजमध्ये किती उरलंय, युरिन बॅगेत किती आणि कसल्या रंगाची. त्यानंतर मॉनिटर, आणि त्यावरच्या अलार्मच्या लिमिट. शेवटी बेडच्या डोक्याशी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची) आहे का, सक्शन (कफ ओढायचं मशीन) ओढतंय का हे बोट लावून बघायचं. हँडओव्हर हे सगळं समोर ठेवून घ्यायचा, डेस्कवर बसून वहीतनं नाही.

२. कुठले आकडे तोंडपाठ पाहिजेतच?

पल्स ६० ते १००, रेस्पिरेशन १२ ते २०, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४ टक्क्यांच्या वर (सीओपीडीचं, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं वेगळं, प्रश्न ४ बघा), युरिन तासाला किलोमागे निदान ०.५ एमएल, पोटॅशियम ३.५ ते ५, एबीजीमध्ये (धमनीतल्या रक्ताची तपासणी) पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६. शॉकच्या (बीपी कोसळलेल्या) पेशंटमध्ये वरच्या बीपीपेक्षा मॅप (सरासरी बीपी) जास्त बघतात, ६५ च्या वर ठेवायचा असतो. खालचं बीपी दोनदा आणि वरचं एकदा मिळवून तीनने भागायचं, म्हणजे ९०/६० असेल तर मॅप ७०.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे रेस्पिरेशन. चार्ट उघडून बघा, सगळ्या वॉर्डाचं रेस्पिरेशन २० लिहिलेलं असतं, जणू सगळे मिळून श्वास घेतायत. पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या बरंच आधी रेस्पिरेशन वाढतं, त्यामुळे पूर्ण एक मिनिट मोजा, आणि मोजतोय हे पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

३. ट्यूब टाकलेल्या पेशंटचा जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) कसा लिहायचा? आणि भाषा कळत नसेल तर?

डोळे (ई) ४, बोलणं (व्ही) ५, हालचाल (एम) ६, असे १५, आणि कमीत कमी ३, शून्य कधीच नसतो. ट्यूब असेल तर बोलण्याच्या जागी टी लिहायचं, म्हणजे ई३ व्हीटी एम५. डोळे सुजून बंद झाले असतील तर तिथे सी. नुसती बेरीज लिहू नका, तिन्ही वेगळे लिहा, कारण १० म्हटल्यावर नक्की काय बिघडलंय ते कुणालाच कळत नाही. दोन पॉइंट कमी झाले तर राउंडची वाट न बघता लगेच सांगायचं, ८ किंवा खाली आला तर एअरवेचा विचार सुरू होतो.

भाषेचं म्हणाल तर मेळघाटातली कोरकू बोलणारी आजी किंवा साइटवरनं आणलेला बिहारचा कामगार, यांना "आज वार कोणता" मराठीत विचारून उत्तर आलं नाही म्हणून कन्फ्युज्ड लिहिणं चूक आहे. नातेवाईकाला बोलवा, त्यांच्या भाषेत विचारायला लावा, कुणीच नसेल तर तसं चार्टवर लिहा. आणि दुखवून बघताना खांद्याचा स्नायू चिमटीत दाबा, छातीच्या हाडावर रगडून काळेनिळे डाग पाडू नका.

४. ऑक्सिजन कोणत्या मास्कने किती लिटर?

नेझल प्रॉंग्ज १ ते ६ लिटर. साधा मास्क ५ ते १०, पाचच्या खाली नाही, नाहीतर पेशंट स्वतःचाच सोडलेला श्वास परत घेतो. नॉन-रिब्रीदर १० ते १५, आणि लावायच्या आधी त्याची पिशवी फुगवून घ्यायची, पिशवी चपटी असेल तर तो मास्क लावून काही उपयोग नाही. व्हेंच्युरी मास्कच्या (ठरलेल्या टक्क्यांचा ऑक्सिजन देणारा) प्रत्येक रंगाच्या व्हॉल्व्हवर किती लिटर नि किती टक्के ते छापलेलंच असतं, निळा २४ टक्के, हिरवा ६० टक्के, मधले वाचून घ्या.

सीओपीडीच्या पेशंटला ८८ ते ९२ ठेवायचं. पण "सीओपीडी आहे, ऑक्सिजन नको" असं म्हणून ७० च्या सॅच्युरेशनवर बसवून ठेवलेले पेशंटही येतात, तसं करू नका, कमी ऑक्सिजनने माणूस आधी जातो.

५. रेफर करताना सिलेंडर किती वेळ पुरेल हे कसं काढायचं?

छोटा बी टाइप पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर, जम्बो म्हणजे डी टाइप साधारण ७००० लिटर. मिनिटाला जितके लिटर चालू आहे त्याने भागा. मिनिटाला १० ने चालू असेल तर बी टाइप १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर सगळंच अर्धं. गडचिरोलीहून नागपूरला पेशंट निघाला आणि काटा अर्ध्यावर आहे तर हा हिशोब गाडी सुटायच्या आधी झाला पाहिजे, आणि वाटेत ट्रॅफिक लागतं, ॲम्ब्युलन्स पंक्चर होते हे धरून प्रवासाच्या वेळेच्या निदान दीडपट पुरेल एवढा ऑक्सिजन तरी हाताशी ठेवायचा. पाना सोबत आहे का हेही बघा, सिलेंडर दोन आणि उघडायला पानाच नाही असे किस्से प्रत्येक सिनियर सिस्टरकडे आहेत.

६. सॅच्युरेशन ९८ दाखवतंय पण पेशंट बरा दिसत नाही, कुणावर विश्वास ठेवू?

पेशंटवर. हात थंडगार, बीपी लो, नेलपॉलिश, सतत हलणारं बोट, यात बोटाला लावलेला प्रोब काहीही दाखवतो, आधी त्याची लाट नीट येतेय का बघा. खरी फसवणूक होते ती कार्बन मोनॉक्साइडमध्ये. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळीला गेलेली मुलगी बेशुद्ध सापडली, थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून सगळं घर झोपलं, अशा केसमध्ये प्रोब झक्कास ९९ दाखवतो कारण रक्ताला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरकच त्याला कळत नाही. हिस्ट्रीत हे आलं की आकडा न बघता हाय फ्लो ऑक्सिजन आणि डॉक्टरांना एबीजीबद्दल विचारा. अंगात रक्तच कमी असेल तरी सॅच्युरेशन छान दिसतं, हिमोग्लोबिन ४ असलेल्या बाईचं १०० टक्के म्हणजे चारचेच शंभर टक्के.

७. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की घाबरायला होतं. नक्की काय करायचं?

एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे सायलेंटचं बटण दाबून दुसरीकडे जाणं.

हाय प्रेशर म्हणजे हवा आत जायला अडथळा. खोकला, कफ, पेशंट ट्यूब चावतोय, नळीला पीळ पडलाय किंवा बेड रेलिंगमध्ये अडकलीय, नळीत पाणी साठलंय, आणि यातलं काहीच नसेल तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा). लो प्रेशर म्हणजे कुठेतरी सुटलंय किंवा लीक आहे, पेशंटपासून मशीनपर्यंत बोटं फिरवत जा, बहुतेक वेळा सक्शननंतर कनेक्टर नीट बसवलेला नसतो.

आणि पेशंट खराब होतोय, सॅच्युरेशन उतरतंय, कारण सापडत नाहीये, तर मशीनशी भांडत बसू नका. हाक मारा, व्हेंटिलेटर काढा, १०० टक्के ऑक्सिजनवर अँबू सुरू करा. अँबूने लगेच सुधारला तर गडबड मशीन किंवा नळ्यांमध्ये होती. नाही सुधारला तर ट्यूबमध्ये किंवा छातीत. ट्यूब जागेवरून हललीय का, तुंबलीय का, न्यूमोथोरॅक्स आहे का, या क्रमाने डॉक्टर बघतील, तोपर्यंत तुम्ही अँबू दाबताना हाताला किती जड लागतंय ते सांगा, ही माहिती फक्त तुमच्याकडे असते. अँबू मिनिटाला १० ते १२ वेळा, घाबरून तीस-चाळीस वेळा दाबली की हवा छातीत साठत जाते आणि बीपी पडतं.

रोजचं काम वेगळंच : डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, ट्यूबच्या फुग्याचं (कफचं) प्रेशर २० ते ३० सेंटीमीटर पाण्याचं, तोंडाची स्वच्छता. फुगा बोटाने दाबून "ठीक आहे" म्हणायचं नाही, मीटर असतो तो शोधा, बहुतेक कपाटात कुलूपबंद असतो.

८. सक्शन किती वेळ आणि किती वेळा?

तासाला एकदा असा नियम नाही, गरज असेल तेव्हा : घरघर ऐकू येतेय, प्रेशर वाढलंय, सॅच्युरेशन उतरतंय. आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या, आत जाताना सक्शन बंद, बाहेर येताना चालू, एकूण १० ते १५ सेकंद. प्रेशर ८० ते १२० एमएमएचजी, लहान मुलांना याहून कमी. कॅथेटर ट्यूबच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जाड नको, हिशोब सोपा आहे : ट्यूबच्या नंबरातून २ वजा करा आणि दुप्पट करा, म्हणजे ८ नंबरला १२ चा. कफ पातळ करायला दरवेळी सलाईन सोडायची जुनी सवय अजून बऱ्याच वॉर्डात आहे, रूटीनला ते करायचं नसतं. मध्येच पल्स ४० वर आली तर थांबा, कॅथेटर बाहेर, ऑक्सिजन, हाक.

९. अरेस्ट (हृदय बंद पडणं) झाल्यावर स्टुडंटने काय करायचं? सगळे धावतात आणि मी कोपऱ्यात उभी राहते.

कॉम्प्रेशन घ्या. त्या खोलीतलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच असतं आणि ते तुम्हाला येतं. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, दरवेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० ला २ श्वास. ईटी ट्यूब टाकल्यावर कॉम्प्रेशन न थांबवता दर ६ सेकंदांना एक श्वास. दोन मिनिटांनी माणूस बदला, थकला नसाल तरी बदला, कारण आपलं दाबणं उथळ झालंय हे दाबणाऱ्याला कळत नाही. बेड मऊ असेल तर पाठीखाली बोर्ड, उंची कमी असेल तर स्टूल घ्या, लाज नको.

दुसरं काम म्हणजे वेळ लिहिणं. कधी सुरू झालं, ॲड्रिनॅलिन कधी गेलं (१ एमजी, दर ३ ते ५ मिनिटांनी), विजेचा शॉक कधी दिला. केसपेपरवर जागा नसेल तर ग्लोव्हच्या रिकाम्या खोक्यावर लिहा. लहान मुलांमध्ये दोघं असाल तर १५ ला २, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, ॲड्रिनॅलिन किलोमागे ०.०१ एमजी. पोटुशी बाई असेल तर प्रश्न १७ बघा.

१०. सरळ रेघ आली की शॉक देतात ना?

सिरियलमध्ये देतात. शॉक फक्त व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतंय) आणि पल्स नसलेल्या व्हीटीला (खालच्या कप्प्यांची अतिवेगवान लय). असिस्टोल (सरळ रेघ) आणि पीईएला (मॉनिटरवर लय दिसते पण पल्स नाही) कॉम्प्रेशन, ॲड्रिनॅलिन आणि कारण शोधणं. मात्र सरळ रेघ दिसली की लीड लागलीय का आणि गेन (रेघेची उंची) कमी करून ठेवलाय का हे बघायचंच.

११. ॲड्रिनॅलिनचा डोस दरवेळी वेगळा का सांगतात?

आपल्याकडची ॲम्प्यूल १ एमएलमध्ये १ एमजी, म्हणजे १:१०००. अरेस्टमध्ये ती अख्खी शिरेतून आणि मागून २० एमएल फ्लश. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणारी ॲलर्जी) ०.५ एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ५ मिनिटांनी परत देता येतं. गडबड इथेच होते : सिरिंज भरलेली असते आणि कुणीतरी नाडी चालू असलेल्या, बोलणाऱ्या माणसाला ती शिरेतून ढकलतं, त्याने हार्ट बिघडू शकतं. म्हणून ॲनाफिलॅक्सिसमध्ये तोंडाने मोठ्याने म्हणा, "अर्धा एमएल, आयएम, मांडीत." एविल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर, ॲड्रिनॅलिन आधी, आपल्याकडे बरोबर उलटं करायची सवय आहे.

१२. नॉरॲडचं कॅल्क्युलेशन एकदा सोपं करून सांगा.

नॉरॲड म्हणजे नॉरॲड्रिनॅलिन, पडलेलं बीपी वर धरणारं औषध. समजा ४ एमजी ५० एमएलमध्ये केलं. ४००० मायक्रोग्रॅम भागिले ५०, म्हणजे एका एमएलला ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलो, ऑर्डर ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ६० गुणिले ०.१ म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६०. ३६० भागिले ८०, पंपावर ४.५ एमएल. ॲम्प्यूलवर बायटार्ट्रेटचे (अख्ख्या क्षाराचे) आणि बेसचे (नुसत्या औषधाचे) असे दोन आकडे असू शकतात, तुमच्या युनिटमध्ये कोणता धरतात ते विचारून घ्या, नाहीतर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो.

सिरिंज संपत आली की बदलायची तयारी आधीच करून ठेवा, अलार्म वाजल्यावर औषध भरायला घेतलं तर तेवढ्या वेळात मॅप ४० वर येतो. त्याच लाइनमधून दुसरं इंजेक्शन ढकलायचं नाही, मागे साठलेलं नॉरॲड एकदम आत जातं. हातातल्या कॅन्युलामधून चालू असेल तर ती जागा दर तासाला उघडून बघा, पांढरी-थंड पडली, सुजली तर बंद करा, कॅन्युला लगेच उपटू नका, जेवढं औषध परत ओढता येतं तेवढं ओढा आणि डॉक्टरांना बोलवा.

१३. केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) कधीच पुश करायचं नाही म्हणतात, मग कसं द्यायचं?

१० एमएलच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. बाटलीत घालून, उलटसुलट करून नीट मिसळून, हाताच्या शिरेतून तासाला १० च्या वर नाही, सेंट्रल लाइन आणि मॉनिटर असेल तर जास्तीत जास्त २०. चालू बाटलीत लटकवलेल्या अवस्थेत घालू नका, ते जड असतं, तळाशी जाऊन बसतं आणि आधी तेच जातं. युरिन होत नसेल तर द्यायच्या आधी विचारा. ठेवायचं वेगळ्या डब्यात, डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी कधीच नाही, दोन्ही ॲम्प्यूल सारख्याच दिसतात.

१४. साप चावलेला पेशंट आलाय, डॉक्टर येईपर्यंत काय?

आपल्याकडचे मुख्य विषारी चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चारहींवर एकच पॉलिव्हॅलंट एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध), त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नसते, नातेवाईकांना ते नीट सांगा, पुढच्या वेळी आणखी एकजण चावून घेऊन येतो.

पायाला करकचून दोरी बांधलेली असेल तर झटकन सोडू नका, डॉक्टर आणि औषधं तयार असताना सोडायची. जखम कापायची नाही. दोन कॅन्युला, न चावलेल्या हाताला. पापण्या खाली येतायत का, गिळता येतंय का, हिरड्यांतून रक्त येतंय का. सूज कुठपर्यंत आहे तिथे पेनने रेघ मारून वेळ लिहा.

मग २० मिनिटांची टेस्ट. काचेची, स्वच्छ, कोरडी टेस्ट ट्यूब, त्यात २-३ एमएल ताजं रक्त, चिकटपट्टीवर वेळ लिहून ती ट्यूबला लावायची आणि २० मिनिटं हलवायचीच नाही. इथे हमखास घोळ होतो, येणारा-जाणारा प्रत्येकजण पाचव्या मिनिटाला उचलून तिरकी करून बघतो. प्लॅस्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली काचही चालत नाही. २० मिनिटांनी एकदाच आडवी करा, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय. तसं नसेल आणि पापण्या पडतायत तर नाग किंवा मण्यार.

एएसव्ही ८ ते १० व्हायल्स, एक व्हायल १० एमएल पाण्यात हलकेच फिरवून, जोरात हलवलं तर फेस होतो. सलाईनमधून साधारण तासाभरात. टेस्ट डोस द्यायचा नाही, तो बंद झालाय. लहान मुलांना व्हायल्स मोठ्यांएवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. ॲड्रिनॅलिन आधीच भरून ठेवा (प्रश्न ११), पहिली दहा-पंधरा मिनिटं बेड सोडू नका, खाज, पित्त उठणं, खोकला, थंडी वाजणं काहीही झालं की थांबवून सांगायचं. पापण्या पडत असतील तर ॲट्रोपिन देऊन मग निओस्टिग्मिन देतात, आणि एएसव्ही चालू आहे म्हणून श्वास थांबणार नाही असं नाही, अँबू हाताशी पाहिजे. रक्ताची टेस्ट ६ तासांनी परत.

मण्यारचं एक लक्षात ठेवा. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, चावल्याची खूण नसते, दुखतही नाही. पोटदुखीचं इंजेक्शन देऊन परत पाठवलेला असा पेशंट दोन तासांनी श्वास बंद पडून येतो. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आली की पापण्या बघायच्याच.

१५. विंचू चावल्यावर इतकं सीरियस का घेतात?

कोकणातला लाल विंचू हृदयावर जातो. घाम, हातपाय थंड, लाळ, नंतर फुप्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यात प्राझोसिन वापरून दाखवलं आणि कोकणातले मृत्यू खूप कमी झाले, आज जगभर त्यांचं काम शिकवतात. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. दिल्यावर झोपवूनच ठेवायचं, मुलाला कडेवर उभं घेतलं की बीपी पडतं. घाम आणि लाळ बघून ॲट्रोपिन द्यायचा मोह होतो, इथे ते नको, ते पुढच्या प्रश्नातल्या पेशंटसाठी.

१६. फवारणीचं औषध प्यायलेल्या पेशंटला ॲट्रोपिन किती आणि कधी थांबवायचं?

सगळ्यात आधी स्वतःचे ग्लोव्हज, मग त्याचे कपडे पूर्ण काढा, साबणाने केसांपासून धुवा. नुसतं प्यायलेल्यांनाच होतं असं नाही, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, त्यामुळे "प्यायलो नाही" म्हटलं तरी कपडे काढायचेच. उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही.

ओळख : बाहुली टाचणीएवढी, लाळ, घाम, छातीत घरघर, पल्स कमी, कपड्यात लघवी-संडास. ॲट्रोपिनची ॲम्प्यूल ०.६ एमजीची, पहिला डोस ३ ते ५ ॲम्प्यूल, मग दर ५ मिनिटांनी दुप्पट. छाती कोरडी होईपर्यंत. बाहुली मोठी होण्याची वाट बघायची नाही, ती उशिरा होते. बघायचं ते हे : छातीत घरघर गेली, काख कोरडी झाली, पल्स ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर. मग इन्फ्युजन. काखेत हात घालून बघायची कुणाला किळस वाटत असेल तर हा वॉर्ड सोडा.

ॲट्रोपिन जास्त होऊन पेशंट उलट्या बाजूला गेला की ताप, बडबड, हवेत काहीतरी पकडणं, पोटाचे आवाज बंद, लघवी तुंबणं. हे दिसलं की सांगायचं, इन्फ्युजन थोडा वेळ थांबवून कमी रेटने परत लावतात. पाम (या विषावरचं दुसरं औषध) दिला तर हळू, २०-३० मिनिटांत.

आणि आता जे पुस्तकात दोन ओळींत असतं पण पेशंट त्यातच जातो. तिसरा दिवस. पेशंट शुद्धीत, घरचे खूश, मुलगा म्हणतो "सिस्टर, बाबांना वॉर्डात कधी हलवणार?" तुम्ही बाबांना सांगा, "हात न लावता मान उशीवरून उचला." उचलत नसेल, किंवा उचलून लगेच पडत असेल, तर श्वासाचे स्नायू जायला लागलेत. २४ ते ९६ तासांत हे होतं. लाळ नाही, घाम नाही, बाहुली ठीक, तरीही. ॲट्रोपिनने हे सुधारत नाही, व्हेंटिलेटर लागतो. दर शिफ्टला मान उचलायला लावा आणि चार्टवर लिहा.

१७. गरोदर बाईला झटके आले तर?

डाव्या कुशीवर, ऑक्सिजन, तोंडात चमचा-बिमचा काही नाही. मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून हळू, (५० टक्क्यांचं ८ एमएल अधिक १२ एमएल पाणी), आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. पुढचा डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी : गुडघ्याचा जर्क येतोय, रेस्पिरेशन १६ च्या वर, युरिन तासाला निदान ३० एमएल. एक जरी नसेल तर थांबा. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० एमएल, बेडशेजारी काढून ठेवलेलं पाहिजे, फार्मसीत नाही.

अरेस्ट झाला आणि पोट बेंबीपर्यंत आलेलं असेल तर एकाने दोन्ही हातांनी पोट डावीकडे ओढून धरायचं, कॉम्प्रेशन नेहमीच्याच जागी.

१८. छातीत दुखतंय म्हणजे जिभेखाली सॉर्बिट्रेट, बरोबर ना?

आधी ईसीजी, आल्यापासून १० मिनिटांत, आणि ॲस्पिरिन चावून. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंद करणारी गोळी) कधी नाही : वरचं बीपी ९० च्या खाली, उजव्या बाजूचा अटॅक (खालच्या भिंतीचा दिसला की उजवीकडचीही लीड काढतात), आणि पेशंटने सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर. हे शेवटचं बायको-मुलांसमोर कुणी सांगत नाही, त्यांना बाहेर पाठवून विचारा. सॅच्युरेशन ९० च्या वर असेल तर उगीच ऑक्सिजन नको. स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं) १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत, बीपी पडलं तर रेट कमी करून सांगा, आणि त्यानंतर आयएम इंजेक्शन बंद.

१९. एमएलसी (पोलिस केस) असेल तर पोलिस येईपर्यंत थांबायचं का?

नाही. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कागद नंतर. नर्सने सांभाळायचं ते एवढंच : कपडे फेकू नका, मावशी कचऱ्यात टाकायच्या आधी बाजूला ठेवा, कापायचे असतील तर चाकूच्या किंवा गोळीच्या भोकातून कापू नका, पोटातून काढलेल्या पाण्याचं सॅम्पल लेबल करून ठेवा. नोट्समध्ये "नवऱ्याने जाळलं" असं स्वतःचं वाक्य लिहायचं नाही, पेशंट जे बोलली ते तिच्याच शब्दांत, अवतरण चिन्हात, वेळ टाकून.

२०. सुई टोचली. कुणाला सांगू की नको?

लगेच सांगा. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. पीईपी (एचआयव्ही टाळायची औषधं) शक्यतो २ तासांत सुरू, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पोस्टिंगच्या आधी झालेले पाहिजेत, नसतील तर आजच विचारा. ओरडा पडेल म्हणून लपवणाऱ्या मुली बघितल्यात, ओरडा पाच मिनिटांचा असतो.

२१. मला याच लाइनला जायचंय, पुढे काय करता येतं?

जीएनएमवाल्यांना आधी पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षं. रजिस्ट्रेशन झालेल्या नर्सला क्रिटिकल केअर किंवा इमर्जन्सीचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. बीएस्सी आणि वर्षभराच्या अनुभवानंतर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, जास्त वेळ बेडजवळच जातो. हे होईपर्यंत बीएलएस आणि एसीएलएस (अरेस्टमध्ये जीव वाचवायचे छोटे कोर्स) करून घ्या, सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, आणि इंटरव्ह्यूला कोर्सपेक्षा आधी हेच विचारतात की व्हेंटिलेटरचे पेशंट किती सांभाळलेत, तेव्हा लॉगबुक शेवटच्या आठवड्यात भरायचं सोडा आणि रोजचं रोज लिहा.